‘अभेद्य’ अरण्य : एका विशेषणाचा इतिहास

इंग्रजी गद्यात घनदाट झाडीच्या वर्णनात ‘अभेद्य’ हे विशेषण ‘जंगल’ या नामाला इतके सहज जडते की तो त्या नामाचाच अंगभूत अर्थ वाटावा. वस्तुतः संस्कृत ‘जाङ्गल’ हा शब्द याच्या विपरीत भूमीचा वाचक आहे. आयुर्वेदाच्या संहितांत जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ वृक्षांचा, मोकळ्या आकाशाचा प्रदेश. दाट, पाणथळ प्रदेश तो ‘आनूप’. फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२च्या आपल्या फ्रेंच ग्रंथाची मांडणी याच विरोधावर उभी केली.

इंग्रजीतील या शब्दाच्या प्रारंभीच्या नोंदींपैकी एक निसर्गवर्णनातली नव्हे, कायद्याच्या पोथीतली आहे. हालहेडने १७७६ मध्ये केलेल्या हिंदू विधिसंहितेच्या भाषांतरात पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीस ‘जंगल’ म्हटले आहे. वृक्षांचा तेथे संबंध नाही. यूल व बर्नेल यांनी १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा पडीकपणाचा मूळ अर्थ नोंदवला खरा, परंतु तोवर वापरात घनदाटपणाचा अर्थ रुळला होता. दोन्ही अर्थांत एक धागा समान राहिला : पडीक भूमी कोणी कसत नाही, अभेद्य अरण्यात कोणी शिरत नाही; दोहोंतूनही माणूस वजा होतो. (मराठी ‘रान’ शब्दात शेतही सामावते, ‘तो रानात गेला’ या वाक्यात कसणारा माणूस गृहीतच असतो.)

कॉनरॅडच्या १८९९च्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये ही वजाबाकी पूर्णत्वास जाते. लीव्हिस यांनी १९४८ मध्ये त्यातील विशेषणांच्या अतिरेकावर बोट ठेवले, पण तो शैलीचा दोष मानला. अचेबे यांनी १९७५च्या व्याख्यानात त्याला निव्वळ शैलीदोष मानण्यास नकार दिला आणि प्रश्न लेखकाच्या कलात्मक प्रामाणिकपणाकडे वळवला. अचेबे यांचा रोख अधिक मूलगामी आहे. तथापि संहितेतील एक पुरावा या वादात फारसा पुढे आला नाही. निवेदक मार्लो ज्या अरण्याला अभेद्य म्हणतो, त्याच्याच काठावर, एका झोपडीजवळ, त्याच्या आगबोटीसाठी तोडून रचून ठेवलेला लाकडांचा ढीग त्याला सापडतो. सोबत सूचनेची चिठ्ठीही असते. तो ती वाचतो, लाकडे बोटीत भरून घेतो. पुढच्या वर्णनात अरण्य पुन्हा पूर्ववत अभेद्य होते.