आभा क्रमांक: डिस्चार्जनंतर नेमका काय उपयोग?
आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये मिळणारा १४ अंकी आरोग्य क्रमांक.

समजा, ऑपरेशन पुण्यात झालं, टाके काढायला गावच्या डॉक्टरांकडे गेलात आणि फाईल घरीच राहिली. हॉस्पिटलने डिस्चार्ज समरी तुमच्या आभाला जोडली असेल, तर ती आभा ॲपमध्ये दिसते. सगळ्यांचे रेकॉर्ड एका मध्यवर्ती सर्व्हरवर जमा होत नाहीत; ते त्या-त्या हॉस्पिटलच्या सिस्टममध्येच राहतात. तुम्ही संमती दिलीत, की ठरलेल्या मुदतीपुरते दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. संमती मागेही घेता येते.

पण हॉस्पिटल या यंत्रणेत नसेल, तर ॲप रिकामंच! म्हणून घरी निघण्याआधी काउंटरवर विचारा, 'समरी आभाला लिंक केली का?' तरीही कागदाचा फोटो काढून ठेवा आणि फेरतपासणीची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये स्वतःच टाका.