धुळ्याची बदली आणि घरची इंग्रजी

मागच्या महिन्यात जळगावला घरी गेलो होतो. चार वर्षांची पुतणी मोबाईलवर इंग्रजी फळं शिकत होती. आजीने स्क्रीनवर बोट ठेवलं, "हाई काय शे?" वहिनी हळूच म्हणाली, "आजी, तिच्याशी अहिराणी नको ना, गोंधळते ती." आजी गप्प.

मला रमाबाई रानडे आठवल्या. 1873 साली लग्न झालं तेव्हा वय अकरा आणि अक्षरओळखही नाही. माधवराव रानड्यांनी घरीच पाटीवर मुळाक्षरं गिरवून घेतली. आधी मराठी, मग इंग्रजी. ॲप वगैरे सोडाच, पुण्याच्या घरातल्या बायका उलट टोमणे मारायच्या! बाईंनी ऐकून घेतलं, पण अभ्यास सोडला नाही. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, सरकारला माधवरावांचा संशय आला आणि बदली थेट आपल्या धुळ्याला. टपालसुद्धा फोडून वाचायचे.

पुढे 1910 मध्ये रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक आलं. मराठीत. इंग्रजी आली म्हणून मराठी गेली नव्हती.

वहिनीची भीती मला कळते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली, म्हणजे मला ती पहिलीपासून होती. तरी बीटेकच्या पहिल्या तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली. घरी इंग्रजी कधी बोललोच नव्हतो.

रात्री आजीच्या हातात मीच केळं दिलं. "हाई काय शे?"

"बनाना!" पुतणी ओरडली. मग लगेच, "केय!"

वहिनी हसली.