ध्रुवीय समुद्रातील बर्फ आणि आपला पाऊस: संशोधन काय सांगते, काय सांगत नाही

दर वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर आर्क्टिक समुद्रातील बर्फ वर्षातील सर्वांत कमी क्षेत्रावर येतो आणि त्याच्या बातम्या येतात. त्याच पंधरवड्यात आपल्याकडे सोयाबीन काढणीला आलेले असते, कपाशीची पहिली बोंडे फुटायला लागतात आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीची तयारी सुरू असते. त्यामुळे "उत्तर ध्रुवावर बर्फ वितळला, आता आपल्याकडे अतिवृष्टी होणार" किंवा "दुष्काळ पडणार" असे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. या संशोधनात खरे काय आहे, ते कसे केले जाते आणि शेतीच्या निर्णयात त्याला किती वजन द्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

समुद्री बर्फ म्हणजे काय?

समुद्राचे खारे पाणी गोठून तयार होणारा आणि पाण्यावर तरंगणारा बर्फ म्हणजे समुद्री बर्फ. हिमनदी आणि हिमनग यांच्यापेक्षा तो वेगळा आहे. हिमनदी जमिनीवर साचलेल्या बर्फाची असते आणि तिचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा म्हणजे हिमनग. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. गोठताना बरेचसे मीठ बाहेर टाकले जाते, त्यामुळे बर्फाखालचे पाणी अधिक खारट आणि जड होऊन खोल जाते. महासागरांतील प्रवाह चालू राहण्यात या क्रियेचा वाटा असतो.

समुद्री बर्फ आधीच पाण्यावर तरंगत असतो. त्यामुळे तो वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यातील बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी सांडत नाही, तसेच हे आहे. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका येथील जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की मात्र पातळी वाढते. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

मोजणी कशी होते?

ध्रुवावर हिवाळ्यात महिनोन् महिने अंधार असतो आणि उन्हाळ्यात ढग असतात. साध्या छायाचित्रांवर तेथे भागत नाही. त्यामुळे पृष्ठभागातून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरी उपग्रहावरून मोजतात. बर्फ आणि उघडे पाणी यांच्या सूक्ष्मलहरी वेगळ्या असतात आणि त्या ढगांतून व अंधारातूनही मिळतात. ही सलग नोंद १९७८ च्या अखेरीपासून उपलब्ध आहे. नकाशाच्या ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे, ती चौकट बर्फाच्या विस्तारात धरली जाते.

जाडी मोजणे अधिक कठीण आहे. तरंगत्या बर्फाचा साधारण दहावा हिस्साच पाण्यावर दिसतो. युरोपीय अवकाश संस्थेचा क्रायोसॅट-२ हा उपग्रह (२०१०) रडारने आणि नासाचा आइससॅट-२ (२०१८) लेसरने पाण्यावरील भागाची उंची मोजतो. त्यावरून एकूण जाडीचा हिशोब केला जातो.

उपग्रहाचे आकडे प्रत्यक्ष जागेवर पडताळावे लागतात. सप्टेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या नेतृत्वाखाली 'पोलारस्टर्न' हे संशोधन जहाज आर्क्टिक बर्फात मुद्दाम अडकवून त्याच्यासोबत वाहू दिले गेले. वर्षभर बर्फ, पाणी, हवा आणि ढग यांची एकत्र मोजमापे घेतली गेली.

भारताचे यातील काम गोव्यातून चालते. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे त्याचे मुख्यालय आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून 'हिमाद्री' हे भारतीय संशोधन केंद्र आहे. तेथील काँग्सफ्योर्डन या खाडीत २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधयंत्रणा बसवण्यात आली. पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह यांची नोंद ती घेते. अंटार्क्टिकावर 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रे कार्यरत आहेत.

आकडे काय सांगतात?

*आर्क्टिक (उत्तर ध्रुव):*
- बर्फाचा विस्तार मार्चमध्ये सर्वाधिक, सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटर असतो. सप्टेंबरमध्ये तो सर्वांत कमी होतो.
- १९८१ ते २०१० या काळात सप्टेंबरच्या किमान विस्ताराची सरासरी सुमारे ६२ लाख चौ. कि.मी. होती. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. हा आजवरचा नीचांक आहे. सरासरीपेक्षा ही घट सुमारे नऊ महाराष्ट्रांच्या क्षेत्रफळाएवढी होते.
- दर दशकाला सप्टेंबरचा बर्फ सुमारे १२ टक्क्यांनी घटला आहे. अनेक वर्षे टिकणारा जाड बर्फही मोठ्या प्रमाणात गेला आहे. आता बहुतेक बर्फ एका हिवाळ्यात तयार झालेला, पातळ असतो.
- मार्च २०२५ मध्ये हिवाळ्यातील कमाल विस्तार १ कोटी ४३ लाख चौ. कि.मी. एवढाच राहिला. तोही त्या वेळपर्यंतचा नीचांक होता.

*अंटार्क्टिका (दक्षिण ध्रुव):*
- येथील चित्र वेगळे आहे. २०१४ पर्यंत बर्फ किंचित वाढत होता आणि त्या वर्षी कमाल विस्तार २ कोटी चौ. कि.मी. च्या पुढे गेला.
- २०१६ मध्ये अचानक मोठी घट झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विस्तार सुमारे १८ लाख चौ. कि.मी. एवढा खाली आला. ही घट तात्पुरती आहे की कायमची, यावर संशोधन चालू आहे.

बर्फ कमी झाला की तापमान का वाढते?

रुपेरी आणि काळ्या मल्चिंग पेपरमधील फरक शेतकऱ्यांना माहीत आहे. रुपेरी बाजू ऊन परतवते, काळी बाजू शोषून घेते. ध्रुवावर तेच घडते. बर्फावर ताजे हिम असेल तर जवळपास ९० टक्के सूर्यप्रकाश परत जातो, नुसता बर्फ ५० ते ७० टक्के परतवतो, तर उघडे समुद्राचे पाणी केवळ ६ टक्क्यांच्या आसपास. बर्फ वितळला की खालचे गडद पाणी ऊन शोषते, तापते आणि उरलेला बर्फ आणखी वितळवते. शरद ऋतूत हीच साठलेली उष्णता पाणी हवेला परत देते. अशा कारणांमुळे १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे.

विषुववृत्त उष्ण आणि ध्रुव थंड या तफावतीवर वातावरणातील मोठे वारे चालतात. ती तफावत बदलली की उंचावरील वाऱ्यांची वळणे बदलू शकतात. दूरच्या प्रदेशांतील पावसाशी बर्फाचा संबंध शोधला जातो तो या मार्गाने.

मॉन्सूनशी संबंध: संशोधन कोठपर्यंत आले आहे?

दूरच्या थंडीचा आपल्या पावसाशी संबंध जोडण्याची कल्पना नवी नाही. भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच हिमालयातील हिमाच्छादन आणि मॉन्सून यांचा संबंध मांडला होता. युरोप व आशियातील हिवाळी हिमाच्छादनाचा विचार हवामान विभाग आजही हंगामी अंदाजाच्या वेळी करतो.

समुद्री बर्फाबाबत दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत.

१. २०२१ चा अभ्यास: गोव्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांसोबत केलेल्या या अभ्यासानुसार, रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असणे आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टी होणे यांत संबंध दिसतो. उघड्या पाण्यातून मिळणाऱ्या उष्णतेने वायव्य युरोपवर उंचावर जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते. तेथून वाऱ्यांची लाट आशियाकडे पसरते आणि भारतावर हवा वर उचलली जाण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. त्याच वेळी अरबी समुद्र उबदार असेल, तर बाष्पाचा पुरवठा होतो आणि मोठा पाऊस पडतो.

२. २०२४ चा अभ्यास: गोव्याचे केंद्र आणि दक्षिण कोरियाची ध्रुवीय संस्था यांच्या या अभ्यासात आर्क्टिकच्या मध्यभागी बर्फ जास्त असताना पश्चिम व द्वीपकल्पीय भारतात पाऊस कमी आणि मध्य व उत्तर भारतात जास्त आढळला. बॅरेंट्स व कारा समुद्रांत बर्फ कमी असताना मॉन्सूनच्या आगमनाला उशीर होण्याकडे कल दिसला.

या निष्कर्षांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. उपग्रहाची नोंद साडेचार दशकांच्या आसपासचीच आहे. मॉन्सूनवर प्रशांत महासागरातील एल निनो, हिंदी महासागराचे तापमान आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे यांचा थेट प्रभाव असतो. बर्फ हा अनेक घटकांपैकी एक, तोही दूरचा घटक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यात अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या चढउतारांची भूमिका मोठी आढळली.

तीन वर्षांचा पडताळा

- २०१२: आर्क्टिक बर्फाचा आजवरचा नीचांक. त्याच वर्षी जालना, बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या भागांत तीव्र दुष्काळ पडला.
- २०१९: बर्फ सुमारे ४२ लाख चौ. कि.मी., म्हणजे बराच कमी. मॉन्सूनने राजस्थानातून परतीचा प्रवास ९ ऑक्टोबरला सुरू केला. नोंदींतील ही सर्वांत उशिराची माघार होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने राज्यात काढणीच्या पिकांचे मोठे नुकसान झाले.
- २०२५: बर्फ सुमारे ४६ लाख चौ. कि.मी., सरासरीपेक्षा कमी पण विक्रमी नव्हे. सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात पुराने पिके व जमिनी वाहून गेल्या.

तिन्ही वर्षी बर्फ कमी होता, पण आपल्याकडे दुष्काळही पडला आणि पूरही आला. म्हणून बर्फाच्या बातमीवरून त्या वर्षीच्या पावसाचा अंदाज बांधू नये. अनेक वर्षांच्या नियोजनासाठी मात्र यातून एक इशारा घेण्यासारखा आहे: हंगामाच्या शेवटी येणाऱ्या पावसाची जोखीम गृहीत धरूनच खरिपाची आखणी करावी. हवामान विभागानेही २०२० मध्ये सामान्य तारखा सुधारल्या. वायव्य राजस्थानातून मॉन्सूनच्या माघारीची सामान्य तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर करण्यात आली.

शेतातील नियोजन

- पेरणी: ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेसा ओलावा आल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. आगमनाच्या बातमीवर किंवा बर्फाच्या बातमीवर धूळपेरणीचा धोका पत्करू नये.
- वाण: सोयाबीनचे सर्व क्षेत्र एकाच कालावधीच्या वाणाखाली घेऊ नये. लवकर आणि मध्यम कालावधीचे वाण विभागून घेतल्यास सगळे पीक एकाच पावसात सापडत नाही.
- निचरा: रुंद सरी वरंबा पद्धतीने पेरणी करावी. सपाट पेरणी असल्यास ठरावीक ओळींनंतर चर काढावेत. या सऱ्या पावसाच्या खंडात ओल धरतात आणि अतिवृष्टीत पाणी काढून देतात.
- सोयाबीन काढणी: शेंगा पिवळसर तपकिरी होऊन पाने गळाल्यावर काढणी लांबवू नये. पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज पाहून, मजूर व मळणीयंत्र ठरवूनच कापणी सुरू करावी. कापलेले पीक शेतात पसरून न ठेवता उंच जागी गंजी लावून ताडपत्रीने झाकावे. साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणावा.
- कापूस: पावसाचा अंदाज असल्यास फुटलेल्या बोंडांची वेचणी आधी उरकावी. भिजलेला कापूस वेगळा ठेवून सुकवावा.
- रब्बी: सप्टेंबरच्या पावसाची ओल वाया घालवू नये. वापसा येताच ज्वारीची पेरणी १५ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करावी.

अंदाज पाहताना कालावधी लक्षात घ्यावा. हंगामी अंदाज पीकपद्धती ठरवताना उपयोगी पडतो. हवामान विभागाचा दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज खत व आंतरमशागतीसाठी पाहावा. काढणी आणि फवारणीसाठी मंगळवार व शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला, तसेच मेघदूत ॲप वापरावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: सभेत विचारले जाणारे प्रश्न

*बर्फ कमी झाला म्हणजे यंदा पाऊस जास्त की कमी?*
त्यावरून यंदाचे सांगता येत नाही. वरील तीन वर्षांची उदाहरणे द्यावीत.

*मग हे संशोधन आपल्या काय कामाचे?*
हंगामी अंदाजाची प्रारूपे सुधारण्यासाठी. बर्फ आणि मॉन्सून यांचा दुवा पक्का झाला, तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीचा इशारा अधिक आधी देणे शक्य होऊ शकते.

*अंटार्क्टिकावर बर्फ वाढला होता, मग तापमानवाढ खोटी का?*
नाही. तेथील वारे व प्रवाह वेगळे आहेत, आणि २०१६ नंतर तेथेही घट झाली आहे.

*कोकणातील खाजण जमिनीत खारे पाणी शिरण्याचा धोका यामुळेच का?*
तरंगत्या बर्फामुळे नाही. समुद्राची पातळी जमिनीवरील बर्फ वितळल्याने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने वाढते.