ओझोन, मासे आणि सांडपाणी

वीज कडाडल्यावर हवेत येणारा उग्र वास आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पाण्याचे विद्युत-विघटन करताना शोनबाइन यांना १८३९ मध्ये असाच वास आला. ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्या वायूला ‘ओझोन’ म्हटले. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने निर्जंतुक होऊ लागले. जंतू मारणे एवढेच त्याचे काम, असे पुढे बराच काळ मानले गेले.

मग ब्रिटनमधील माशांनी एक कोडे घातले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यांत ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात, अंड्यातील बलकासाठी लागणारे प्रथिन सापडले! हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ पर्यंत कारण उलगडले: नैसर्गिक स्त्री-संप्रेरके आणि गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल-इस्ट्राडायॉल. शुद्धीकरणानंतरही ती पाण्यात उरत होती. कॅनडातील एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे हे रसायन मिसळले गेले. प्रमाण लिटरमागे केवळ ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट. तरीही तेथील फॅटहेड मिनो माशांची संख्या जवळजवळ शून्यावर आली.

येथे ओझोन पुन्हा मदतीला आला. कुलूप-किल्लीचे उदाहरण आपण वर्गात देतोच. इस्ट्रोजेनच्या रेणूतील फिनॉलचे कडे ही त्या किल्लीची दाती. या कड्यात इलेक्ट्रॉनांची दाटी असल्याने ओझोन नेमका तेथेच हल्ला करतो. रेणू समूळ नष्ट होत नाही, त्याचे तुकडे उरतात. पण दाती मोडल्यामुळे किल्ली कुलपाला लागत नाही.

अर्थात हा उपाय फुकटचा नाही. ओझोन टिकत नाही, म्हणून वीज खर्चून तो जागेवरच तयार करावा लागतो. पाण्यात ब्रोमाइड असेल, तर घातक ब्रोमेट तयार होऊ शकते. उरलेले तुकडे जिवाणूंकडून खाऊन घेण्यासाठी पुढे वाळूची गाळणी ठेवतात.

शोनबाइन यांच्या कर्मभूमीतच, झुरिचजवळच्या ड्यूबेनडॉर्फ येथे, २०१४ मध्ये त्या देशातील असे पहिले पूर्ण क्षमतेचे केंद्र सुरू झाले. २०१६ पासून निवडक केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे.

पाणी नितळ दिसले म्हणजे ते शुद्ध झाले, असे आपण सहज समजतो. माशांनी आपला तो समज खोटा ठरवला.