मागची सीट

एअरफिक्सचं नॅट विमानाचं एक जुनं किट मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. ब्रिटनचं प्रशिक्षण विमान, त्यामुळे सीट दोन. मला हवं होतं ते निर्मलजित सिंग सेखोंचं एकासनी नॅट.

14 डिसेंबर 1971. पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या हवाई तळावर हल्ला चढवला. बॉम्ब पडत असतानाच सेखोंनी उड्डाण केलं. त्यांचे जोडीदार दुसऱ्या नॅटमध्ये होते, पण दोघांची ताटातूट झाली. सेखों एकटे लढले आणि मारले गेले. वायुदलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे.

किटवर तिरंगी गोल रंगवून भागलं असतं. लांबून कुणाला फरक कळला नसता. आमच्या कामात याला पॅच मारणं म्हणतात. पण मागची सीट तशीच राहिली असती, आणि त्या दिवशी सेखोंच्या मागे कुणीच नव्हतं.

मग करवत घेतली. एकासनी नॅट सुमारे 9 मीटर लांब, म्हणजे 1:72 प्रमाणात साडेबारा सेंटिमीटर. किट त्याहून 9 मिलिमीटर जास्त भरलं. तेवढा भाग कापला, पंखांची टोकं घासली, मागच्या खाचेवर जुन्या क्रेडिट कार्डाचा तुकडा चिकटवून पुट्टी भरली. 30 मिलिमीटरच्या दोन तोफांसाठी इंजेक्शनच्या सुईचे तुकडे लावले.

कॅनपीची काच अजून बनवायची आहे. आत बसायला जागा मात्र आता एकच आहे.