जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स याचें उत्तरचरित्र

मोठ्या अधिकारावरून खालीं उतरलेल्या मनुष्याचें पुढें काय होतें, याकडे चरित्रकारांचें सहसा लक्ष जात नाहीं. अधिकार गेला, मानसन्मान गेला, कीं चरित्र संपलें असें समजून ते शेवटचीं वर्षें चार ओळींत आटोपतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सहावा अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स याच्या बाबतींत ही रीति अवलंबिली, तर त्याच्या आयुष्याचा सर्वांत मोलाचा भागच गळून पडेल. त्याची अध्यक्षपदाची कारकीर्द चार वर्षांची व बव्हंशीं निष्फळ. त्यानंतरचीं प्रतिनिधिसभेंतील सतरा वर्षें मात्र चिरस्मरणीय ठरलीं.

अ‍ॅडम्सचा जन्म ११ जुलै १७६७ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील ब्रेन्ट्री गांवीं झाला. त्याचा पिता जॉन अ‍ॅडम्स हा स्वातंत्र्याच्या चळवळीचा एक धुरीण व पुढें देशाचा दुसरा अध्यक्ष. १७७५ सालीं बंकर हिलची लढाई चालू असतां सात वर्षांच्या या मुलानें आईसमवेत घराजवळच्या टेकडीवरून तोफांचा धूर पाहिला. चौदाव्या वर्षीं तो अमेरिकन वकिलाचा चिटणीस व दुभाषी म्हणून रशियाच्या राजधानींत राहत होता. पुढें हॉलंड, प्रशिया, रशिया व इंग्लंड या देशांत त्यानें स्वतःच वकिलात केली. १८१४ च्या घेन्टच्या तहाच्या वाटाघाटींत भाग घेतला. आणि १८१७ पासून आठ वर्षें परराष्ट्रमंत्री असतां स्पेनकडून फ्लॉरिडा मिळविला. मन्रोच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सिद्धान्ताच्या घडणींतही त्याचा मोठा हात होता. अध्यक्षपदासाठीं इतकी तयारी झालेला दुसरा मनुष्य त्या वेळीं देशांत विरळाच.

परंतु पद हातीं आलें तेंच बोल घेऊन. १८२४ च्या निवडणुकींत अँड्र्यू जॅक्सनला ९९ व अ‍ॅडम्सला ८४ निर्वाचकांचीं मतें मिळालीं. कोणालाच निर्णायक बहुमत न मिळाल्यामुळें निवड प्रतिनिधिसभेकडे गेली, व हेन्री क्ले याच्या पाठिंब्यानें अ‍ॅडम्स अध्यक्ष झाला. लगेच त्यानें क्लेला परराष्ट्रमंत्री नेमिलें. ‘सौदा झाला’ अशी ओरड जॅक्सनच्या पक्षानें केली, ती चार वर्षें थांबली नाहीं. राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते व कालवे यांच्या ज्या योजना त्यानें पुढें मांडल्या, त्यांपैकीं बहुतेकांची सभागृहांनीं डाळ शिजूं दिली नाहीं. १८२८ सालीं जॅक्सनच्या १७८ मतांपुढें त्याला ८३ च मतें पडलीं. अ‍ॅडम्स मानी आणि दीर्घद्वेषी होता. नव्या अध्यक्षाच्या शपथविधीलाही तो हजर राहिला नाहीं. त्याच वर्षीं त्याचा थोरला मुलगा आगबोटींतून समुद्रांत पडून गेला. एवढ्यावर चरित्र संपलें असतें, तरी कोणास नवल वाटलें नसतें.

१८३० सालीं त्याच्या जिल्ह्यांतील लोकांनीं त्याला प्रतिनिधिसभेसाठीं उभें राहण्याविषयीं विचारिलें. जो राष्ट्राचा प्रमुख होता त्यानें साधा सभासद व्हावें, हें त्याच्या योग्यतेस कमीपणा आणणारें नाहीं काय, असा प्रश्न निघाला. लोकांची सेवा करण्यानें कोणालाही कमीपणा येत नाहीं, मग ती गांवच्या पंचाची कां असेना, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. तो निवडून आला, आणि या विजयानें अध्यक्षपदाहूनही अधिक समाधान झालें, असें त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें.

त्या काळीं देशांत सुमारें २० लक्ष लोक गुलामगिरींत होते. राजधानीच्या प्रदेशांतून ही चाल काढून टाकावी, असे अर्ज उत्तरेकडील लोक करीत. डिसेंबर १८३१ मध्यें अ‍ॅडम्सनें पेन्सिल्व्हेनियांतून आलेले असे पंधरा अर्ज सभेपुढें ठेविले. मात्र अर्जदारांची मागणी आपणांस मान्य नाहीं, हेंही त्याच वेळीं सांगितलें. येथें त्याच्या चरित्रांतील उणी बाजू झांकण्याचें कारण नाहीं. गुलामगिरीला रोजनिशींत कलंक म्हणणारा हा पुरुष अधिकारावर असतां त्या विषयीं जाहीरपणें मौन पाळून होता. इतकेंच नव्हे, तर युद्धांत इंग्रजांनीं नेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळवून देण्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली होती.

मे १८३६ मध्यें सभेनें ११७ विरुद्ध ६८ मतांनीं ठरविलें कीं, गुलामगिरीविषयींचा कोणताही अर्ज न छापतां व समितीकडे न पाठवितां तसाच दप्तरीं टाकावा. लोकांनीं या ठरावाला मुस्कटदाबीचा नियम असें नांव दिलें. हा ठराव राज्यघटनेचा भंग करणारा आहे, असें अ‍ॅडम्सनें मत देण्याच्या वेळींच उठून सांगितलें. अर्ज म्हणजे केवळ विनंती. तीही ऐकून घ्यावयाची नाहीं असें ठरलें, तर दुर्बळाला राज्यकर्त्यांपर्यंत पोंचण्याचा मार्गच उरला नाहीं, हा त्याच्या भाषणांचा मथितार्थ होता. आपणांस न पटणारी मागणी करणाऱ्याचाही तो हक्क त्यानें उचलून धरिला. १८३७ सालीं खुद्द गुलामांनीं केलेला अर्ज या नियमाखालीं येतो काय, असें त्यानें सभापतींना विचारिलें, तेव्हां सभेंत एकच गिल्ला झाला. त्याच्या निषेधाचे ठराव आले. आणि शेवटीं कळलें कीं, अर्ज गुलामगिरीच्या विरुद्ध नव्हताच! पुढच्याच वर्षीं स्त्रियांच्या अर्जाच्या हक्कासाठींही तो असाच झगडला.

जानेवारी १८४२ मध्यें हेव्हरहिल गांवच्या नागरिकांचा, संयुक्त संस्थानांचा संघ मोडावा असा अर्ज त्यानें सादर केला, व ही मागणी कां मान्य करूं नये याचीं कारणें समितीनें कळवावीं, अशी सूचना केली. विरोधकांनीं पुन्हां निषेधाचा ठराव आणला. तेव्हां या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वृद्धानें स्वातंत्र्याचा जाहीरनामा सभेपुढें वाचावयास लाविला आणि सुमारें दोन आठवडे एकट्याच्या बळावर किल्ला लढविला, ठराव बारगळला. ३ डिसेंबर १८४४ रोजीं त्याच्याच सूचनेवरून मुस्कटदाबीचा नियम १०८ विरुद्ध ८० मतांनीं रद्द झाला. गुलामगिरीविषयीं उदासीन असलेल्या उत्तरेकडील अनेकांना, दुसऱ्याच्या पायांतील बेडी आपल्याही तोंडावर येऊन बसते, हें या आठ वर्षांत उमगलें.

याच काळांत ‘अमिस्टाड’ जहाजाचा खटला उपस्थित झाला. आफ्रिकेंतून पळवून आणून हॅव्हानांत विकलेल्या लोकांनीं १८३९ सालीं त्या स्पॅनिश जहाजावर बंड केलें होतें. ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडले गेले, आणि अमेरिकन सरकार स्पेनच्या मागणीची बाजू घेऊन उभें राहिलें. १८४१ सालीं अ‍ॅडम्सनें रॉजर बाल्डविन याच्यासह सर्वोच्च न्यायालयांत त्यांची वकिली केली. ९ मार्च रोजीं ते मुक्त झाले, व जगले-वांचलेले ३५ जण पुढें स्वदेशीं परतले.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजीं मेक्सिकोच्या युद्धांतील सेनापतींच्या गौरवाचा प्रश्न सभेपुढें असतां, त्या युद्धाला प्रारंभापासून विरोध करणाऱ्या अ‍ॅडम्सनें ‘नाहीं’ असें मत दिलें आणि थोड्याच वेळांत तो आपल्या जागीं कोसळला. दोन दिवसांनीं सभापतींच्या दालनांत त्याचा अंत झाला. त्या सभेंत अब्राहाम लिंकन नांवाचा एक नवा सभासद बसत असे. युद्धकाळीं गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार सरकारला पोंचतो, हें अ‍ॅडम्सनें त्याच सभागृहांत प्रतिपादिलें होतें. १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला लिंकननें आधार घेतला, तो याच जातीच्या अधिकाराचा.

सत्ता हातीं असतां ज्या अन्यायाविरुद्ध अ‍ॅडम्सनें बोट उचललें नाहीं, त्याच्याशीं तो सत्ता गेल्यावर मरेपर्यंत झुंजला. लोकमताची धास्ती सुटली म्हणून हें धैर्य आलें, असें म्हणावें, तर दर दोन वर्षांनीं त्याला मतदारांपुढें उभें राहावें लागतच होतें. त्याच्याजवळ आतां उरली होती एक खुर्ची व एक मत. तेवढ्यानें किती करतां येतें, हें त्यानें उतारवयांत दाखविलें; आणि पूर्वी कितीतरी अधिक करतां आलें असतें, ही खंतही तेंच चरित्र आपल्या मनांत ठेवून जातें.