गाळाचं विरजण



गेल्या महिन्यात भाच्याकडे पुण्याला गेलो होतो. त्यांच्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे. सभेत एकानं सुचवलं, रात्रभर ब्लोअर बंद ठेवू, विजेचं बिल वाचेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाचा तेवढा विरोधात. "मामा, आतले जिवाणू मरतील हो!"

जन्मभर इतिहास शिकवला, पण आमच्या सनावळ्यांत गटाराला जागा नव्हती. म्हटलं, आता वाचू.

गोष्ट मँचेस्टरची. गिल्बर्ट फाउलर 1912 साली अमेरिकेत लॉरेन्सचं प्रयोगकेंद्र पाहून आले आणि डेव्हिहुल्म इथल्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांतल्या सांडपाण्यात हवा सोडायला सुरुवात केली. (हेच फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.) पहिलं पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाचेक आठवडे लागले. पण त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही. वरचं नितळ पाणी ओतून दिलं आणि त्याच गाळावर नवं सांडपाणी घातलं. दर खेपेस वेळ कमी होत गेला, शेवटी काही तासांवर आला. आपल्या घरचं विरजणच की हे! 3 एप्रिल 1914 रोजी त्यांनी निबंध वाचला आणि गाळाला नाव मिळालं, अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज.

सुरुवातीची पद्धत बाटलीसारखीच होती. टाकी भरा, हवा सोडा, हवा थांबवून गाळ बसू द्या, वरचं पाणी काढा, पुन्हा भरा. म्हणजे बॅच. पण गावाचं सांडपाणी कुणासाठी थांबत नाही. रात्रंदिवस झडपा उघडायला-मिटायला माणूस हवा. हवा बंद असताना गाळ बसून हवेची छिद्रं बुजत. म्हणून थोड्याच वर्षांत अखंड प्रवाहाची पद्धत आली. एका टाकीत हवा, दुसरीत गाळ बसायचा, आणि तो पंपानं पुन्हा पहिलीत. पुढची पन्नासेक वर्षं तिचंच राज्य होतं.

मग झडपा फिरवणारी यंत्रं आली आणि मोडीत निघालेली बॅच परतली. रॉबर्ट आयर्विन यांच्या प्रयत्नांनी 1980 साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कल्व्हर गावी अखंड प्रवाहाचाच प्लँट बॅचवर नेला. वेगळी गाळटाकी लागत नाही, स्थिर पाण्यात गाळ छान बसतो. हवा थांबली की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. मात्र एक टाकी निवळत असताना येणारं पाणी घ्यायला दुसरी टाकी हवी, आणि यंत्रणा बिघडली की सगळं अडतं. आपल्या नवी मुंबईतही बॅचचे मोठे प्लँट आहेत.

हे सांगितल्यावर सभेतले गृहस्थ म्हणाले, "बघा, त्यातही हवा बंद करतातच की!" करतात हो, पण मोजून, थोडा वेळ, आणि तेवढ्यासाठीच बांधलेल्या टाकीत. रात्रभर हवा तोडली तर विरजणच नासेल, मग सकाळी दही कुठून लागणार?

निर्णय पुढच्या सभेत आहे. भाच्याला म्हटलं, हीच गोष्ट सांग. बिल दिसतं, जिवाणू दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं.

असो. तुमच्या सोसायटीत काय करतात, जरूर कळवा.